इसानचा घरजावई

थायलंडच्या ईशान्येला इसान नावाचा मोठा पठारी मुलूख आहे. उत्तरेला आणि पूर्वेला मेकाँग नदी, नदीपलीकडे लाओस, दक्षिणेला कंबोडिया. या भागात लग्न झाल्यावर मुलगी सासरी नांदायला जात नाही, जावईच तिच्या घरी राहायला येतो. काही वर्षं सासऱ्याच्या शेतात राबतो, मग जवळपास स्वतःचं घर बांधतो. धाकट्या मुलीचा नवरा मात्र बहुधा तिथेच राहतो, कारण आईवडिलांचं घर आणि त्यांचं म्हातारपण ही दोन्ही धाकटीच्या वाट्याला येतात. आपल्याकडे घरजावई म्हटलं की लोक भुवया उंचावतात. इसानमध्ये ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत इथल्या गावांत एका वेगळ्याच प्रकारचे घरजावई येऊन राहिले. साठीच्या आसपासचे, निवृत्त झालेले, बहुतेकांचा पहिला संसार मोडलेला. कुणी इंग्लंडमधला बसचालक होता, कुणी जर्मनीत कारखान्यात फोरमन, कुणी नॉर्वेच्या तेलविहिरीवर कामाला. गावकरी या सगळ्यांना ‘फरांग’ म्हणतात. उदोन थानी शहराची तर त्यांच्याशी जुनीच ओळख आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिथे अमेरिकी हवाई दलाचा तळ होता, आणि त्या काळातले काही सैनिक पुढे पेन्शन घेऊन तिथेच परतले.

पट्टाया, हुआ हिन किंवा च्यांग माय इथे राहणाऱ्या परदेशी पेन्शनरांविषयी पुष्कळ लिहिलं जातं. समुद्रकिनारा, कॉफीची दुकानं, स्वस्त मसाज. इसानच्या खेड्यातला म्हातारा त्या मानाने दुर्लक्षित राहिला, आणि खरं म्हणजे थाई माणसांमध्ये राहणं कशाला म्हणतात हे त्याच्याकडूनच कळतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये एकट्याने राहणारा परदेशी थायलंडमध्ये असतो, थाई कुटुंबात नसतो. खेड्यातल्याची पेन्शन दर महिन्याला एका अख्ख्या घराच्या हिशेबात मिसळते.

आधी साधा खर्च पाहू. २०२५ मध्ये एक बाथ म्हणजे सुमारे अडीच ते पावणेतीन रुपये होते. नाक्यावर नूडलची वाटी ५० बाथच्या आसपास मिळते, चिकट भाताची छोटी पिशवी दहा बाथला, रस्त्याकडेला भाजलेली कोंबडी आणि पपईचं सोमतम मिळून दोघांचं जेवण दीडशे-दोनशेत होतं. पण हाच माणूस लंडनसारखा पाव, चीज आणि वाइन शोधायला मॉलमध्ये गेला की बिल लंडनपेक्षा फार कमी येत नाही, कारण आयात वाइनवर थायलंडने वर्षानुवर्षं जबर कर ठेवला होता. म्हणजे स्वस्ताई आहे, पण ती तिथल्यासारखं खाणाऱ्याला. एप्रिलमधलं ऊन चाळिशीच्या वर जातं, तेव्हा एसी लावावाच लागतो आणि विजेचं बिल दुप्पट होतं. ऊसतोडणीच्या हंगामात, जानेवारी ते मार्च, शेतकरी तोडीआधी उसाचे फड पेटवतात. काजळीचे काळे पापुद्रे उडत येऊन दोरीवरच्या कपड्यांवर पडतात आणि दमा असलेल्या म्हाताऱ्याचे ते तीन महिने दारं-खिडक्या बंद करून जातात.

हे सगळं निभावता येतं. खरी कसरत असते ती देशात राहण्याच्या परवानगीची.

पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून एकेक वर्षाची मुदतवाढ मिळते. त्यासाठी थाई बँकेत त्याच्या एकट्याच्या नावावर ८ लाख बाथ हवेत, किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न, किंवा दोन्ही मिळून वर्षाला ८ लाख भरतील असा हिशेब. थाई बायकोचा नवरा म्हणून अर्ज केला तर आकडे निम्म्यावर येतात: ४ लाख ठेव किंवा महिना ४०,०००. मार्च २०१९ पासून निवृत्तांसाठी ठेवीचा नियम आणखी आवळला गेला. पूर्ण ८ लाख अर्जाआधी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात जसेच्या तसे राहिले पाहिजेत, आणि वर्षाच्या उरलेल्या काळातही शिल्लक ४ लाखांच्या खाली जाता कामा नये. म्हणजे यातली निम्मी रक्कम कायमची गोठली. पैसा त्याचाच, पण अपघात झाला, घराचं छप्पर उडालं, तरी तिला हात लावला की पुढच्या वर्षीची परवानगी धोक्यात येते.

त्याच सुमाराला दुसरा धक्का बसला. पूर्वी आपापल्या देशाची वकिलात उत्पन्नाचं पत्र द्यायची आणि इमिग्रेशन ते मान्य करायचं. २०१९ उजाडताना ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी ही पत्रं देणं बंद केलं, कारण त्यातला आकडा खरा आहे याची हमी त्या घेऊ शकत नव्हत्या. तेव्हापासून या देशांच्या पेन्शनरांना दर महिन्याला परदेशातून पैसे खरोखर थाई खात्यात आल्याचं दाखवावं लागतं. पासबुकात ती नोंद परदेशी जमा म्हणूनच उमटली पाहिजे. एखाद्या महिन्यात रक्कम देशांतर्गत मार्गाने आली आणि शिक्का वेगळा पडला, की खिडकीपलीकडचा अधिकारी मान हलवतो.

मुदतवाढीचा दिवस तर परीक्षेचाच. बँकेचं पत्र, सकाळीच नोंदी भरून आणलेलं पासबुक, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही. बायकोच्या नावाने अर्ज असेल तर घराचा हाताने काढलेला नकाशा आणि दोघांचे घरातले फोटोही, एक अंगणातला, एक स्वयंपाकघरातला, एक दारावरच्या नंबराच्या पाटीशेजारी उभं राहून काढलेला. फी १,९०० बाथ. शिवाय दर ९० दिवसांनी मी याच पत्त्यावर राहतो असं कळवायचं. परदेशात जाऊन यायचं तर आधी परत येण्याचा परवाना घ्यायचा, नाहीतर विमान उडालं की वर्षाची मुदतवाढ रद्द. आणि घरात परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची वर्दी घरमालकाने २४ तासांत द्यायची असा जुना कायदा आहे. खेड्यात घरमालक म्हणजे बायको. स्वतःचा नवरा घरी आल्याची लेखी खबर ती सरकारला देते.

वीस वर्षं एका गावात काढली, गावच्या देवळाच्या कळसाला पैसे दिले, तरी हा माणूस कागदोपत्री एका वर्षाचा पाहुणाच राहतो. हे अन्यायाचं आहे असं अनेक फरांग म्हणतात. पण त्यांच्याच देशात थाई बायकोला जाऊन राहायचं तर किती उत्पन्न दाखवावं लागतं, भाषेची कोणती परीक्षा द्यावी लागते, तेही मोजायला हवं. थायलंडचे नियम किचकट आहेत, पण पाळता येण्याजोगे आहेत. मारक ठरते ती दुसरीच गोष्ट, आणि ती थायलंडमध्ये ठरत नाही.

हिशेबासाठी एक इंग्रज पेन्शनर धरू. २००७ साली तो ६५ वर्षांचा झाला आणि उदोनजवळच्या गावात येऊन राहिला. त्या वर्षी ब्रिटनची मूळ सरकारी पेन्शन आठवड्याला ८७.३० पौंड होती, म्हणजे महिन्याला साधारण ३७८ पौंड. तेव्हा पौंडाला सत्तरच्या आसपास बाथ मिळत. महिन्याचे झाले २६ हजार बाथ. गावात तेवढ्यात शिक्षकाचं घर ऐटीत चाले. ब्रिटनमध्येच राहिलेल्या त्याच्या समवयस्काची हीच पेन्शन दरवर्षी वाढत जाऊन २०२५ मध्ये १७६.४५ पौंडांवर पोचली. उदोनचा म्हातारा मात्र ८७.३० वरच आहे. ब्रिटनचा ज्या देशांशी या बाबतीत करार नाही, तिथे राहणाऱ्यांची पेन्शन ते परदेशी गेले त्या दिवशीच्या आकड्यावर थांबते. थायलंड त्या देशांत आहे. भारतही आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये नोकरी करून पुण्याला किंवा कोल्हापूरला परतलेल्या मराठी माणसालाही हाच नियम लागतो.

त्यात पौंड घसरला. २०१६ च्या ब्रेक्झिट कौलाआधी तो पन्नाशीच्या पुढे होता, काही महिन्यांत चाळिशीच्या पहिल्या टप्प्यात आला आणि २०२५ मध्येही चव्वेचाळीसच्या आसपास रेंगाळत होता. त्या दराने तेच ३७८ पौंड सोळा-साडेसोळा हजार बाथ होतात. अठरा वर्षांत उत्पन्न दहा हजारांनी घटलं आणि नूडलची वाटी दुपटीच्या घरात गेली. माणूस ६५ चा ८३ चा झाला, औषधं वाढली. त्याने विमा भरला होता, कर भरला होता, आपल्या शेजाऱ्याइतकाच. फक्त तो उडून गेला. ही पेन्शन गोठवण्याची पद्धत निव्वळ क्रूर आहे, आणि ज्यांच्याकडे कंपनीची वेगळी पेन्शन नाही अशांच्या माथी ती सगळ्यात जास्त बसते.

अमेरिकनाची सामाजिक सुरक्षा पेन्शन थायलंडमध्येही महागाईनुसार वाढते, म्हणून त्याचं बरं. पण डॉलरचाही नेम नाही. २ जुलै १९९७ ला थायलंडने बाथ मोकळा सोडला तेव्हा डॉलरला पंचवीस बाथ मिळत होते, सहा महिन्यांत छप्पन्न झाले. त्या काळात आलेल्यांनी स्वस्ताईचं जे चित्र गावी लिहून कळवलं, त्यावर विसंबून पुढची पिढी आली. २०२५ मध्ये डॉलर बत्तीस-तेहतीसच्या घरात होता.

आता त्या सोळा किंवा साठ हजारांची वाट घरात कशी फुटते ते पाहिलं पाहिजे. पैसा खात्यात आला की काही दिवसांत सासू-सासऱ्यांना ठरलेली रक्कम जाते. थायलंडचं सरकार साठीनंतर म्हाताऱ्यांना महिना ६०० बाथ देतं, सत्तरीत ७००, ऐंशीत ८००, नव्वदीनंतर १,०००. त्यावर कुणाचं भागणार? आईवडिलांना मुलं पोसतात, आणि इसानात हा भार मुलींवर जास्त पडतो. बायकोच्या आधीच्या लग्नातली मुलं असतात, त्यांची फी. बँकॉकमध्ये कारखान्यात काम करणाऱ्या बहिणीची पोरं आजीजवळ वाढतात, त्यांचे गणवेश. पावसाळ्याच्या तोंडावर भाताची लावणी येते: ट्रॅक्टरचं डिझेल, खत, मजुरी. नोव्हेंबरमध्ये कापणी होते आणि भात विकून हाती आलेली रक्कम खर्चाच्या आसपासच घोटाळते. फरांगाला हा धंदा कधीच उमजत नाही. तो वही मांडून दाखवतो की भात पेरण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडतं. बरोबरच असतं ते. पण सासऱ्याच्या दृष्टीने ज्या घराच्या कणगीत स्वतःचा भात नाही ते घर घर नव्हे, आणि इथला शेतकरी हे समजावायच्याही भानगडीत पडत नाही.

त्याखेरीज धर्मकार्यं. वर्षावास संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात कठिनाचा उत्सव येतो, भिक्खूंना चीवर अर्पण करायचं आणि देवळासाठी वर्गणी गोळा करायची. एका छोट्या झाडाला बांबूच्या काड्यांत खोचलेल्या नोटा लावतात आणि ते वाजतगाजत देवळात नेतात. कर्ण्यावरून देणाऱ्याचं नाव आणि रक्कम पुकारली जाते. गावात कुणी गेलं की तीन-तीन दिवस घरी मंडप, जेवणावळी, मंत्रपठण, आणि येणारा प्रत्येक जण पाकीट देतो. शंभर, दोनशे, जवळचा असेल तर पाचशे. कुणी किती दिलं ते वहीत लिहून ठेवतात, कारण त्यांच्या घरी प्रसंग आला की तेवढं परत जायचं असतं. अशा वेळी मांडवात खुर्चीवर नुसता बसून राहिलेला गोरा म्हातारा लोकांच्या नजरेत भरतो, पण मागच्या बाजूला भाजी चिरायला किंवा बर्फ फोडायला जो बसतो त्याला गाव पुढच्या वेळी हाक मारून बोलावतं.

पाश्चात्त्य निवृत्तांच्या गप्पांत एक सूर वारंवार ऐकू येतो: हे लोक आपल्याला पैशाचं यंत्र समजतात. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. लग्नाआधीच घर, गाडी, हुंड्याच्या उलट असलेली सिनसोतची मोठी रक्कम, आणि वर्षभरात सगळं संपलं, अशा फसगती घडल्या आहेत. पण प्रत्येक घरखर्चाला फसवणूक म्हणणं चूक आहे. त्याच घरात थाई जावई आला असता तर तोही भात लावायला उतरला असता, सासऱ्याच्या औषधाचे पैसे त्यानेही दिले असते. त्याच्याकडे अंगमेहनत असते, यांच्याकडे पेन्शन आहे. खोन केन विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ पचरिन लापानुन यांनी इसानमधल्या अशा लग्नांवर दीर्घकाळ काम केलं. २०१९ मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच प्रेम, पैसा आणि कर्तव्य हे तिन्ही शब्द आहेत. त्यातला एकच शब्द उचलून उरलेले खोटे ठरवता येत नाहीत, हे त्यांनी गावातल्या बायकांचं ऐकून मांडलं.

या बायकांविषयी आणखी एक बोललं पाहिजे. फरांगाशी लग्न झालं की गावाच्या लेखी ती श्रीमंत होते. उसने मागणारे तिच्याच दारी येतात. देवळातला भिक्खू, सरपंच, चुलत भाऊ, सगळ्यांच्या अपेक्षा तिच्या खात्यावर येऊन बसतात. नवऱ्याची पेन्शन गोठलेली आहे हे ती कुणाला सांगणार? सांगितलं तरी कोण पत्करणार? नवऱ्याला थाई येत नाही, आईला इंग्रजी येत नाही, आणि दोघांच्या रागाचं भाषांतर करताना मधल्या मधे ती झिजते. घराचा खरा अर्थमंत्री तीच असते.

आजारपण आलं की या व्यवस्थेची ताकद आणि भेगा दोन्ही दिसतात. थाई नागरिकाला २००२ पासून सरकारी इस्पितळात जवळपास फुकट उपचार मिळतात, ही सोय ‘तीस बाथ योजना’ या नावाने ओळखली जाते. परदेशी माणसाला ती लागू नाही. ब्रिटनमध्ये राहणं सोडलं की तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा मोफत हक्क जातो. अमेरिकेची मेडिकेअर देशाबाहेरच्या उपचारांचे पैसे साधारणपणे देत नाही. परदेशातून ‘ओ-ए’ प्रकारचा व्हिसा घेऊन येणाऱ्यांना ऑक्टोबर २०१९ पासून विमा सक्तीचा झाला, पण इतर मार्गाने राहणाऱ्या पुष्कळांकडे विमाच नाही. सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणं कठीण, मिळाली तर जुनी दुखणी वगळलेली, आणि हप्ता पेन्शनच्या निम्म्याला भिडणारा.

मग उरतं जिल्ह्याचं सरकारी इस्पितळ. पहाटे सहाला जाऊन टोकन घ्यायचं, रक्तदाब मोजून बाकावर बसायचं, दुपारपर्यंत डॉक्टर भेटतो. परदेशी माणसाला दर थाई माणसापेक्षा जास्त, तरीही खासगी इस्पितळाच्या मानाने पुष्कळ कमी. डॉक्टर चांगले असतात, वॉर्ड गच्च भरलेले असतात. पेशंटला जेवण भरवणं, कूस बदलवणं, अंग पुसणं ही कामं नातेवाईक करतात. रात्री खाटेखाली चटई टाकून झोपतात. इथे सासरच्या माणसांना वर्षानुवर्षं दिलेली रक्कम उपयोगी पडते. ज्या मेव्हण्याच्या मोटारसायकलच्या हप्त्यावरून भांडण झालं होतं, तोच रात्रपाळीला उशाशी बसतो. च्यांग मायच्या फ्लॅटमधल्या एकट्या पेन्शनरला ही सोय विकत घ्यावी लागते, आणि महिनोन्‌महिने घ्यायची तर ती त्याला परवडत नाही.

जमिनीचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो. थायलंडमध्ये परदेशी माणसाच्या नावावर जमीन होत नाही. त्याच्या पैशाने घेतली तरी खरेदीच्या वेळी दोघांना लिहून द्यावं लागतं की हा पैसा बायकोचाच होता. त्याला हयातभर घर वापरण्याचा हक्क जमीन कार्यालयात नोंदवून घेता येतो, चानोटच्या, म्हणजे जमिनीच्या मालकीपत्राच्या, पाठीमागे तो चढतो. पण नवरा-बायकोंनी लग्नानंतर आपसात केलेला करार लग्न टिकून असेपर्यंत, किंवा ते संपल्यावर वर्षाच्या आत, त्यांच्यापैकी कुणीही रद्द करू शकतं असं थाई दिवाणी कायदा सांगतो. वकील हे सहसा दुसऱ्या भेटीत सांगतात. पुष्कळ फरांग आयुष्याची पुंजी या घरात घालून मग रात्र-रात्र जागे राहतात.

त्यांची भीती समजण्यासारखी आहे. पण वयाचा हिशेब बघितला तर या लग्नात मागे राहणारी बहुतेकदा तीच असते, वीस-पंचवीस वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर काय होतं? व्हिसासाठी ठेवलेली ठेव त्याच्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे बँक खातं थांबवते. ती कोर्टात जाऊन स्वतःला वारसा-व्यवस्थापक नेमून घेते, तोवर महिने जातात. अंत्यविधी आणि गावजेवण त्याआधीच करावं लागतं, म्हणजे कर्ज काढून. नवऱ्याने थाई भाषेत साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून ठेवलं असेल तर पुष्कळ त्रास वाचतो, दोन-तीन महिन्यांचा खर्च तिच्या वेगळ्या खात्यात टाकून ठेवला असेल तर आणखी वाचतो. ही कामं निरोगी असताना एका आठवड्यात होतात आणि बहुतेक जण ती करत नाहीत. अमेरिकनाच्या विधवेला पेन्शनचा वाटा हवा असेल तर ती नागरिक नसल्यास साधारणपणे पाच वर्षं पत्नी म्हणून अमेरिकेत राहिलेली असावी लागते. इसानच्या गावातून कधी बाहेर न पडलेली बाई ती अट कुठून पुरी करणार? ज्याने तिच्या हातचं अठरा वर्षं खाल्लं त्याची पेन्शन त्याच्याबरोबर थांबते.

तिच्याकडे उरतं ते घर आणि भातशेती, चानोटवर तिच्याच नावाने. नवऱ्याला ज्या कायद्याची झोप उडवणारी भीती होती, त्याच्यामुळेच तिला कोर्टाची वाट न पाहता छपराखाली राहता येतं, आणि लंडन किंवा शिकागोहून आलेल्या सावत्र मुलांना त्या जमिनीवर दावा सांगता येत नाही.